डौलदार हालचाल आणि नीती

काही माणसांच्या चालण्यात, वाकण्यात, हात पुढे करण्यातही डौल असतो. हालचाल अडखळत नाही, जोर लावल्याचे दिसत नाही आणि एकीतून दुसरी सहज निघते. हा गुण नुसता शरीराचा, की त्यावरून माणसाचे मनही ओळखता येते? युरोपीय तत्त्वचिंतनात या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत.

जर्मन कवी व विचारवंत फ्रीडरिश शिलर याने 1793 मध्ये डौल आणि धीरोदात्तता यांवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्याची सुरुवात ग्रीक पुराणातल्या सौंदर्यदेवतेच्या कमरपट्ट्यापासून होते. हा पट्टा जी बांधेल तिला मोहकता येते आणि तो दुसरीला उसनाही देता येतो. शिलर त्यावरून असे सुचवतो की रेखीव बांधा निसर्ग देतो, डौल मात्र माणसाकडून येतो आणि तो हालचालीतच दिसतो. हेतू ठरवून केलेल्या कृतीत नकळत मिसळलेला भाव म्हणजे डौल. तो मुद्दाम आणू गेले की नखरा होतो.

या विवेचनाचा रोख इमान्युएल कांटकडे होता. मनाची ओढ नसताना किंवा ती विरुद्ध असतानाही जे कर्तव्य केले जाते, त्यात नैतिक मूल्य सर्वांत स्पष्ट दिसते, असे कांट मानत असे. शिलरला ही शिस्त फार कठोर वाटली. ज्याची ओढच कर्तव्याकडे असते त्या मनाला त्याने ‘सुंदर आत्मा’ म्हटले आणि डौल ही त्याची बाहेरची खूण ठरवली. दुःखाच्या प्रसंगी ओढ आणि कर्तव्य यांचा हा मेळ टिकत नाही. तेव्हा मनाने वासनांवर राखलेला ताबा धीरोदात्ततेच्या रूपाने दिसतो. कांटने 1794 मध्ये आपल्या धर्मविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एका टिपेतून उत्तर दिले. कर्तव्याच्या कल्पनेत आज्ञेचा धाक असतो, म्हणून तिला डौलाची जोड देता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हाइनरिश फोन क्लाइस्टने 1810 मध्ये कळसूत्री बाहुल्यांवर लिहिलेल्या संवादात प्रश्न उलटाच केला. त्यातल्या नर्तकाच्या मते बाहुली माणसापेक्षा डौलदार नाचते, कारण तिला स्वतःचे भान नसते. सूत्रधार तिचा गुरुत्वमध्य हलवतो आणि हातपाय आपोआप मागे येतात. याच संवादात एका मुलाची हकिगत आहे. आरशात पाहताना आपला पवित्रा पायातला काटा काढणाऱ्या मुलाच्या प्रसिद्ध शिल्पासारखा झाल्याचे त्याला जाणवते. पुन्हा तसे करू गेल्यावर मात्र ते जमत नाही. शुद्ध डौल ज्याला भानच नाही त्या बाहुलीत किंवा ज्याचे भान अनंत आहे त्या देवात सापडतो, असा या संवादाचा निष्कर्ष आहे. माणूस या दोहोंच्या मध्ये अडकलेला आहे.

हर्बर्ट स्पेन्सरने 1852 च्या लेखात नीतीला बाजूला ठेवले. कमीत कमी शक्ती खर्चून झालेली हालचाल ती डौलदार, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. आंरी बर्गसनने 1889 मध्ये पाहणाऱ्याच्या अनुभवावर भर दिला. वळणदार गतीत पुढची दिशा आधीच्या दिशेत सूचित असते, त्यामुळे पाहणाऱ्याला पुढचे आधीच उमगते. जणू ती हालचाल आपल्याच ताब्यात आहे असे त्याला वाटते आणि त्यातून सहानुभूतीचा भाव जागा होतो.

यांपैकी स्पेन्सर कारण सांगतो, बर्गसन आनंदाचा उलगडा करतो आणि क्लाइस्ट आत्मभानाचा अडसर दाखवतो. शिलरने काढलेला नैतिक निष्कर्ष मात्र टिकत नाही. पाकीटमाराची बोटेही हलकी चालतात आणि कंपवाताने हात थरथरणारा माणूस सज्जन असू शकतो. डौलावरून सराव अंगी मुरल्याचे कळते, आचरण कळत नाही. तरीही शिलरचा मूळ आक्षेप रास्त आहे: मनाशी न झगडता केलेले सत्कृत्य झगडून केलेल्या सत्कृत्याहून कमी मोलाचे ठरत नाही. मात्र ते सिद्ध करण्यासाठी शरीराच्या डौलाची साक्ष लागत नाही.