देवाने हात धुतले की नाही?

पाठांतर ही गोष्ट माझ्या पोटापाण्याच्या विरुद्ध आहे. "मला पक्कं आठवतंय, त्यांनी पाचशे भरले होते," असं म्हणणारा कारकून संध्याकाळी स्वतःच्या खिशातून पाचशे भरतो. बँकेत जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही. या तत्त्वज्ञानात वीस वर्षं मुरलेला माणूस परभणीतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायला कसा बसला, हे विचारू नका. आधीचा पेटीवाला मुलाकडे पुण्याला गेला, एवढंच कारण.

भजनी मंडळाचा कायदा नेमका उलटा. जे वहीत आहे ते तुमचं नव्हेच! वही उघडून अभंग म्हणणाऱ्याकडे मंडळी अशा नजरेने पाहतात, की जणू हा दुसऱ्याच्या सहीने पैसे काढायला आला आहे.

मी माझ्या परीने प्रयत्न केले. एकेक अभंग दहा-दहा वेळा लिहून काढला. दहाव्या वेळेपर्यंत अक्षर सुधारलं, अभंग आठवेना. मग प्रत्येक चरणाचं पहिलं अक्षर घेऊन एकेक शब्द तयार केला. एका अभंगाचा शब्द आमच्या हेडक्लार्कच्या आडनावासारखा झाला. तेव्हापासून त्या अभंगात माझी भक्ती लागत नाही. सूर चुकू नयेत म्हणून पेटीच्या पट्ट्यांवर आकड्यांचे कागद चिकटवले. पण परभणीचा मे महिना! डिंक सुटला आणि पंचमाचा कागद माझ्या बोटाला चिकटून थेट वरच्या सप्तकात जाऊन पोचला.

आमचा भाचा गिटार वाजवतो. तो म्हणाला, "मामा, शब्द पाठ करायचेच कशाला? जी, डी, ई मायनर, सी. चार कॉर्ड फिरवत राहायचे, ढीगभर गाणी त्यात बसतात. शब्द मोबाइलवर असतातच." एका वाढदिवसाला तो ऐन कडव्यात असताना त्याच मोबाइलवर कर्ज हवंय का विचारणारा फोन आला. शब्द गेले, गाणं गेलं. बोटं मात्र चारही कॉर्डांच्या फेऱ्या मारत राहिली, बस चुकलेल्या माणसासारखी. (फोन आमच्या बँकेचा नव्हता. मी खात्री करून घेतली.)

आणि आमचे बुवा! सत्तरी ओलांडलेली, डोळ्याला चष्मा, पण तो फक्त पान लावण्यापुरता. दीडेकशे अभंग तोंडपाठ. मी युक्ती विचारली. म्हणाले, "आधी चाल बसवायची, साहेब. चाल बसली की ती शब्दाला वढून आणती." आणि दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता. लहानपणी शाळेला तीन मैल चालताना ते अभंग म्हणत. ध्रुपद वेशीत, पहिला चरण मारुतीपाशी, दुसरा बाभळीला, तिसरा ओढ्यात. आता ओढ्यावर पूल झालाय, बाभळ कुणाच्या तरी चुलीत गेली. पण बुवांचा तिसरा चरण अजून ओढ्यातूनच जातो. मनातल्या ओळखीच्या जागी एकेक मुद्दा ठेवून भाषण पाठ करायची रीत रोमच्या सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. बुवांनी सिसेरो वाचला असण्याचा संभव कमी.

वेदपाठकांची रीत मात्र आमच्या खात्याला जवळची. क्रमपाठात पहिलं पद-दुसरं पद, मग दुसरं-तिसरं. जटापाठात पहिलं-दुसरं, लगेच दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. म्हणजे बेरीज वरून खाली, खालून वर! हे कळलं तेव्हा ऋषिमुनींबद्दल मला प्रथमच आपुलकी वाटली.

तर त्या एकादशीची गोष्ट. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. त्यामुळे आमच्या भजनात जनाबाई हवीच. देव तिच्याबरोबर दळायला बसतो, तो प्रसंग बुवा फार रंगवतात. त्यांच्या तोंडून मी तो अभंग वहीत उतरवून घेतला होता. पुढे छापील गाथेशी ताडून पाहिला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. एक चरण जास्त! बुवांच्या अभंगात देव जात्यापाशी बसण्याआधी हात धुतो. पुस्तकात देवाने हात धुतल्याची नोंद नाही.

मी वहीत त्या चरणावर लाल रेघ ओढली आणि चारचौघांत बुवांना सांगितलं. बुवा हसले. "पीठ हाय ते, साहेब. बिगर हात धुता कसं बसंल?" मग जरा थांबून म्हणाले, "माय म्हणायची जात्यावर. पुस्तकात नसंल तर सोडून देऊ."

इथे माझी बाजूही ऐका. पाठ भ्रष्ट झाले म्हणून नाथांनी 1584 साली पैठणला ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि यापुढे जो तिच्यात पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली म्हणून समजा, असं बजावून ठेवलं. माझ्या पाठीशी साक्षात नाथ होते. पण तीच गोदावरी पैठणहून खाली गंगाखेडला येते, आणि तिथवर येता येता तिला किती ओढे मिळतात! जात्यावरच्या ओव्यांना तर गाथाच नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या बायकांच्या तोंडी होत्या, एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाताना बदलत गेलेल्या. त्यांतली कुठली खरी आणि कुठली खोटी, हे कुठल्या लेजरला पाहायचं?

मला पेच पडला तो असा. आईने मुलाच्या तोंडी एक ठेव ठेवली. तिने ती तिच्या आईकडून घेताना चार शब्द वाढले असतील. आता त्या वाढीला व्याज म्हणायचं की अफरातफर? जनाबाईच्या नावावर जनाबाईने न भरलेली रक्कम जमा दिसते, हे तर खरंच. नियमाने माझी रेघ बरोबर होती. आजही माझं मत तेच आहे, बहुधा.

पुढच्या एकादशीला बुवांनी तो अभंग धरला. काळी दोन, नेहमीची चाल. देव आला, जात्यापाशी उभा राहिला, आणि बुवा थांबले. हात धुण्याचा चरण सोडून पुढे उडी मारायची होती, पण पुढचा चरण हाती लागेना. ओढा ओलांडल्याशिवाय पलीकडची वाट सुरूच होत नव्हती. त्यांनी ध्रुपद पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला. टाळ हळू झाले. पखवाजवाला उगीचच शाई चाचपू लागला. वही माझ्याच मांडीवर होती, पण तोंड उघडायची माझी छाती होईना.

तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूने, एका म्हातारीने तो चरण उचलला. हात धुण्याचा. शब्द बुवांच्याहूनही थोडे निराळे होते. तिच्या देवाने हात धुऊन ते जनीच्या पदराला पुसले. बुवांनी डोळे मिटले आणि पुढचा चरण धाडकन त्यांच्या तोंडात येऊन पडला. मंडळींनी तो सात वेळा घोळला. बुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पेटीच्या भात्याकडेच पाहत होतो.

घरी येऊन वही उघडली. बँकेत चुकीची नोंद खोडायची ती एकाच रेघेने, खालचं वाचता येईल अशी. सवयीने तशीच रेघ ओढली होती. चरण स्वच्छ वाचता येत होता. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "दुरुस्ती रद्द", तारीख घातली आणि सही केली. पदराची ओळ समासात घेतली.