बसून आंघोळ

बाथरूम फोडायचं ठरलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टर सहज बोलून गेला, "काका, बादलीचा नळ आता कोणी लावत नाही." मला ते लागलं. त्यात भर म्हणून भाचीनं, ती इंटिरिअर डिझायनर आहे, पांढऱ्याशुभ्र टबाचा फोटो धाडला. "मामा, एकदाच खर्च करतोयस तर टब घे. बादलीत काय आयुष्य काढायचं?"

टब पाणी खातो हे कोणाला सांगायला नको. हिशेब तेवढा मांडतो. साधा टब भरायला दीडशे लिटर तरी हवेत. शहराच्या पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर धरतात, त्यातले 55 आंघोळीचे. म्हणजे मी एकदा टबात पडलो की जवळपास तिघांची आंघोळ संपली. शिवाय 25 लिटरच्या गिझरमधलं 60 अंशांचं पाणी नळाच्या पाण्यात विसणलं, तर सोसेल असं पाणी साठेक लिटरच होतं. तेवढ्यात मांड्याही धड बुडायच्या नाहीत. भाची म्हणाली, "मग मोठा गिझर घे." तिच्या धंद्यात प्रत्येक अडचणीवर उपाय एकच, आणखी मोठी वस्तू.

पण पाण्यावरून भांडण्यात मला फारसा रस नाही. माझ्या लेखी आंघोळी दोनच, उभ्यानं केलेली आणि बसून केलेली. असं पाहिलं तर टब आणि बादली एका घरातले, शॉवर परका. पाटावर बसून केलेल्या आंघोळीला एक बैठक असते. दिवाळीच्या पहाटे तेल आणि उटणं लावून घ्यायचं ते पाटावरच. पाठ चोळायला कोणीतरी मागे असतं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसते आणि बाळाला पायांवर आडवं घेते. बसलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात लागू शकतो. उभ्यानं आंघोळ करणारा एकटा असतो, आणि बहुधा त्याला आठ-सतराची लोकल पकडायची असते.

आजच्या शॉवरचं मूळही असंच घाईचं आहे. 1872च्या सुमारास फ्रान्समध्ये रूआँच्या तुरुंगात मेरी देलाबोस्त नावाच्या डॉक्टरांनी कैद्यांसाठी शॉवर बसवले. एकेका कैद्याला टबात बसवणं पाण्यालाही परवडेना आणि वेळेलाही. तिथून ही सोय बराकींत गेली. आज आपण शॉवरला उधळ्या म्हणतो. तिथे तो आला काटकसर म्हणून. हॉटेलातल्या ताटाएवढ्या शॉवरखाली डोळे मिटून उभं राहणाऱ्यांना ही वंशावळ सांगून पाहा. आमच्या मजल्यावर तर ते ताट लावण्यात अर्थही नाही. गच्चीतली टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर आहे; एवढ्या दाबाला, पंप न लावता, त्यातून पाणी कोसळत नाही, ठिबकतं.

एवढं बोलून झाल्यावर मी बादलीचा वकील म्हणून आईच्या आंघोळीकडे पाहिलं आणि खटला फिरला. गुडघ्यांमुळे आई पाटावर बसत नाही. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. खुर्चीवरून जमिनीवरच्या बादलीपर्यंत वाकायचं, पाण्याचा मग भरायचा, आणि दुखऱ्या खांद्यानं तो डोक्यापर्यंत न्यायचा. निम्मं पाणी वाटेतच मांडीवर सांडतं. म्हणजे माझ्या लाडक्या बादलीला बसलेलं माणूस हवं असतं, पण ते उकिडवं बसू शकणारं. टबाचं तर नावच नको. गुडघ्याच्या वर चढणारा त्याचा काठ ओल्या पायानं ओलांडायचा, आणि पुन्हा बाहेर यायचं. आमच्या पाच बाय सातच्या जागेत तो बसवला तर शेजारी आधार द्यायला उभं राहायलाही जागा उरत नाही.

हे काम नीट करतो तो हँड शॉवर. माणूस खुर्चीवर, पाणी त्याच्यापर्यंत येतं, आणि नळी दुसरं कोणीही धरू शकतं. मी ज्याला उभ्याची आंघोळ म्हणून हिणवत होतो, तीच खाली बसवली की दुसऱ्याच्या हाताला सर्वांत सोयीची ठरते. भाचीला हे कळवलं तर ती म्हणते, "मी शॉवरच सुचवणार होते." तिनं टबाचा फोटो धाडला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

तुमच्याकडे फोडाफोड चालू असेल तर टाइल बसायच्या आतच कॉन्ट्रॅक्टरला दोन गोष्टी सांगा: बसल्यावर हाताशी येईल अशी पकडायची दांडी, तीही विटेच्या भक्कम भिंतीत, आणि शॉवरखालची जमीन खरखरीत. नंतर टाइलला भोक पाडलंत तर आतलं वॉटरप्रूफिंग दुखावतं आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी बेल वाजवतात. आणि बादलीचा नळ काढू देऊ नका. शॉवर असो, टब असो, पाणी गेलं की आंघोळ बादलीतच करावी लागते.