अहवाल कोणाचा?

कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे की नाही, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. आपल्या घरांत मात्र तो बहुधा विचारलाच जात नाही. बायॉप्सीचा अहवाल थोरला मुलगा किंवा जावई घेऊन येतो, बाहेरच्या खोलीत हलक्या आवाजात चर्चा होते आणि 'नानांना एवढ्यात काही सांगायचे नाही' असा ठराव एकमताने मंजूर होतो. ज्यांच्याविषयीचा हा ठराव, ते नाना तेवढे सभेस गैरहजर असतात.

या मौनामागे प्रेमच असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना परमुलखात एकमेकांचाच आधार होता. संकट आपसांत वाटून घ्यावे आणि वडीलधाऱ्यांना त्याची झळ लागू देऊ नये, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. शिवाय ही रीत केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत डोनाल्ड ओकेन यांच्या १९६१ मधील पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडे होता; १९७९ मधील तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसाचे काळीज काही बदलले नव्हते. बदलली होती ती रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी.

आपल्याकडे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत, डॉक्टराने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये व कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे. ही माहिती कोणाला असावी? रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना. या एका 'किंवा'त आपल्या घरांचा सारा रिवाज सामावला आहे. पुढे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले, की तातडीची निकड नसेल तर सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या शस्त्रक्रियेला त्याच्या आईची संमतीही पुरेशी नाही. आता, ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, त्याच्या संमतीला संमती तरी कसे म्हणावे?

'कळले तर माणूस हाय खाईल' ही भीती खोटी नाही. पण न सांगितल्याने ते कळत नाही, हा समज खोटा आहे. १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयात इंदूरहून रात्रभराचा प्रवास करून पोहोचलेल्या माणसाला, आपण कोठे आलो आहोत हे सांगावे लागत नाही. तो सारे ओळखतो आणि घरचे लपवीत आहेत म्हणून तोही लपवू लागतो. एकाच छपराखाली दोन्ही बाजू एकच गुपित सांभाळीत बसतात. मृत्युपत्र राहून जाते, भावाशी तुटलेले बोलणे तुटलेलेच राहते, आणि उपचार कोठवर सोसायचे हे ज्याने सोसायचे त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या मते, या आजारातील सर्वांत मोठे एकाकीपण आपण आपल्या प्रेमाने निर्माण करतो.

म्हणून सत्य तोंडावर फेकून मोकळे व्हावे, असे मात्र नव्हे. अप्रिय सत्याला आवर घालणारे मनुस्मृतीतील वचन आपण सोयीने आठवतो. त्याच श्लोकाचा उत्तरार्ध प्रिय असत्यालाही मनाई करतो, हे विसरतो. या दोहोंमधली वाट विचारण्याची आहे. बेल, बकमन आदी डॉक्टरांनी २००० मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीतही सांगण्याआधी दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: रुग्णाला काय समजले आहे आणि किती जाणून घेण्याची त्याची इच्छा आहे. 'मला तपशील नको, मुलाशी बोला' असे नाना म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय. त्याचा मान राखावा. स्वतः न जाणण्याचे ठरविणे वेगळे आणि इतरांनी जाणू न देणे वेगळे.

सांगून झाल्यावर खरी सोबत सुरू होते. 'खंबीर राहा' हा दिलासा नसून आज्ञा असते. त्या माणसाला रडण्याचीही मुभा हवी. भेटीस येणाऱ्याने गव्हांकुराच्या रसाची महती आणि कोणाकोणाच्या आजारांच्या कथा दाराबाहेर ठेवाव्यात. 'काही लागले तर सांगा' म्हणण्यापेक्षा, 'मंगळवारी केमोथेरपीला मी बरोबर येतो, दुपारचा डबा आमच्याकडून' असे म्हणावे. बातमी कोणाला कळवायची, हेही त्यालाच विचारावे. आणि कधी त्याला आजाराखेरीज दुसरे काही, क्रिकेट वा नव्या नाटकाविषयी, बोलायचे असेल तर तेच बोलावे.

अहवालावर नाव रुग्णाचे असते. तो त्याच्या हाती द्यावा, आणि तो वाचून होईपर्यंत शेजारी बसावे.