‘बाकी सगळं काढ’



दफनभूमीमागची चर्चची जागा गेल्या मे महिन्यात साफ केली, हे तुम्ही पाहिलेच आहे. घाणेरी माणसाच्या डोक्यावर गेली होती, सापांचे भय होते. पूर्वी पाच-सहा माणसे कोयते घेऊन आठवडाभर हे काम करीत. या वेळी छोटा ट्रॅक्टर भाड्याने आणला. झुडपे मागच्या यंत्राने कापली, लहान झाडे साखळी बांधून मुळासकट ओढली. दुपारपर्यंत जागा मोकळी! मी खूश होतो.

दोन दिवसांनी एक आजी दारात आल्या. “फादर, कोपऱ्यातली निर्गुडी कुठे गेली?” गुडघेदुखीने बेजार झालेल्या कितीतरी बायांना त्या वर्षानुवर्षे तिच्या पाल्याचा शेक देत आल्या होत्या. मला ते झाड ठाऊकही नव्हते.

पहिल्यांदा मनात आले, चूक ट्रॅक्टरवाल्याची. पण त्याने सकाळी मला विचारले होते, “फादर, काय ठेवायचं?” मी व्हरांड्यातूनच सांगितले, “मोठी झाडं ठेव, बाकी सगळं काढ.” त्याने सांगितले तेच केले.

मग दोष यंत्राचा का? तसेही नाही. माणसांच्या पाठी मोडण्यापेक्षा यंत्र आणणे चांगलेच. पण कोयता चालवणाऱ्याच्या हाती एकेक फांदी येते. पाल्याचा वास येतो, तो थबकतो, शेजारच्याला विचारतो. हे थबकणे आमचा सद्गुण नव्हता. काम संथ होते म्हणून ते आपोआप घडत होते. यंत्राने संथपणा घालवला, त्याबरोबर थबकणेही गेले. आता ते आपल्याला ठरवून करावे लागेल, आणि तेही यंत्र सुरू होण्यापूर्वी.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी उतावळेपणा हा विवेकाविरुद्धचा दोष मानला आहे. पायऱ्या न उतरता उडी घेणारा माणूस, तसा उतावळा. मागचे आठवणे, समोरचे नीट पाहणे, जाणत्यांकडून शिकणे या त्या पायऱ्या. मी तिन्ही चुकवल्या.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराचा दाखला आठवा (अध्याय १३). मालक तोडायला सांगतो, माळी एक वर्ष मागून घेतो. मालकाला फक्त फळ नसल्याचे दिसते. माळ्याचे हात त्या मातीत असतात. निकाल देण्यापूर्वी जवळ जावे लागते, ते यासाठी.

पुढे जूनचा पाऊस पडला. घाणेरी वरवर कापलेली, ती मुळांतून पुन्हा फुटली. निर्गुडी मुळासकट गेलेली, ती नाही आली.

बंधू-भगिनींनो, ‘बाकी सगळं’ हे शब्द आपण कुठे कुठे वापरतो? वाडीची वाटणी करताना, जुने घर पाडताना, सभेत घाईने ठराव करताना. त्या ‘बाकी’मध्ये पुष्कळदा कुणाचा तरी आधार असतो, कधी कधी एखादे माणूसच असते.

यंदाही ट्रॅक्टर येणार आहे. त्याआधी, येत्या रविवारी मिस्सानंतर आपण ती जागा पायी फिरू या. वडीलधाऱ्यांनी अवश्य यावे आणि जे राखायचे त्याला पांढरी चिंधी बांधावी. पाऊस सुरू झाला की, ज्यांच्या वाडीत निर्गुडी आहे त्यांनी एक फांदी आणावी. लावायचा खड्डा मी स्वतः खणीन.

तुमचा प्रमुख धर्मगुरू