मतपत्रिकेवरचे दुसरे नाव

२००० साली फ्लोरिडात अल गोर अवघ्या ५३७ मतांनी मागे राहिले आणि अमेरिकेचे अध्यक्षपद जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना मिळाले. उपाध्यक्षपदासाठी गोर यांनी कनेक्टिकटचे सिनेटर जो लीबरमन यांना सोबत घेतले होते. विचारात असलेल्या नावांत बॉब ग्रॅहमही होते. ते फ्लोरिडाचे दोन वेळा गव्हर्नर आणि नंतर त्याच राज्याचे सिनेटर. सुमारे साठ लाख लोकांनी मतदान केलेल्या राज्यात घरच्या माणसाने पाच-सहाशे मते सहज आणली असती, असे मलाही वाटते. पण लीबरमन हे त्या पदासाठी मोठ्या पक्षाने दिलेले पहिले ज्यू उमेदवार होते आणि दक्षिण फ्लोरिडात ज्यू मतदार मोठ्या संख्येने आहेत. ग्रॅहम यांनी काय आणले असते हे मोजताना लीबरमन यांनी आणलेले वजा करावे लागते. ही वजाबाकी नेमकी कोणालाच जमत नाही.

इतकी चुरस विरळाच. एरवी दुसरे नाव पाहून मत ठरवणारे थोडे असतात. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांनी टेक्सासचे लॉइड बेन्टसन घेतले, तरी टेक्सास थोरल्या बुश यांच्याकडेच गेले. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांच्याऐवजी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांना घ्यायला हवे होते, अशी चर्चा निकालानंतर बरीच झाली. शापिरोंमुळे ते राज्य मिळाले असते असे धरले, तरी तिथल्या १९ इलेक्टोरल मतांनी हॅरिस २२६ वरून २४५ वर गेल्या असत्या. बहुमताला २७० लागतात.

जोडीदाराने निवडणूक तारली असे ठामपणे म्हणावेसे वाटते ते १९६० बद्दल. जॉन केनेडी मॅसॅच्युसेट्सचे, कॅथलिक आणि तरुण. दक्षिणेतल्या प्रॉटेस्टंट मतदारांना त्यांच्याविषयी भरवसा नव्हता. त्यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन निवडले, तेव्हा कामगार संघटनांचे पुढारी चिडले आणि सख्खा भाऊ रॉबर्टही विरोधात होता. जॉन्सन रेल्वेगाडीने दक्षिण पालथी घालत फिरले. टेक्सासची २४ इलेक्टोरल मते सुमारे ४६ हजारांच्या आघाडीने मिळाली. एकूण निकाल ३०३ विरुद्ध २१९ असा लागला आणि तेव्हा बहुमताला २६९ पुरत. एकटे टेक्सास गेले असते तर केनेडी तरले असते. टेक्सासबरोबर उत्तर कॅरोलायनाची १४ मतेही गेली असती तर २६५ वर अडकले असते. मिसुरीचे स्टुअर्ट सिमिंग्टन यांचेही नाव तेव्हा चर्चेत होते. ते सोबत असते तर दक्षिण हातात राहिली असती असे मला वाटत नाही.

पण या निवडीचे खरे मोल २२ नोव्हेंबर १९६३ नंतर कळले. केनेडींची हत्या झाली आणि दक्षिणेची मते आणण्यासाठी घेतलेला माणूस अध्यक्ष झाला. सिनेट कशी वाकवायची हे जॉन्सन यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा त्यांनी करून घेतला. व्हिएतनाममध्ये लाखो सैनिकही त्यांनीच उतरवले. १९६५ च्याच स्थलांतर कायद्याने देशनिहाय जुना कोटा गेला. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा होत्या. आज न्यू जर्सीत किंवा शिकागोत गणपती बसवणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची वाट त्या कायद्याने मोकळी झाली. हा बदल केनेडींनाही हवा होता, तो पार पडला मात्र जॉन्सन यांच्या हातून.

आजवर अध्यक्षपदी बसलेल्या पंचेचाळीस जणांपैकी नऊ जण उपाध्यक्ष असताना, मधल्या काळात अचानक तिथे पोचले. आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एक राजीनाम्यामुळे. दर पाचांत एक! तरीही दर चार वर्षांनी चर्चा चालते ती कोण कोणते राज्य आणील याचीच. ही हेळसांड मला धोक्याची वाटते. १९४४ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत विद्यमान उपाध्यक्ष हेन्री वॉलेस पुढे होते. दुसऱ्या फेरीत हॅरी ट्रुमन यांना उमेदवारी मिळाली. रूझवेल्ट ४३२ विरुद्ध ९९ ने जिंकले, वॉलेस असते तरी बहुधा जिंकलेच असते. पुढे ८२ दिवसांच्या उपाध्यक्षपदानंतर ट्रुमन अध्यक्ष झाले आणि अणुबॉम्बची नीट माहिती त्यांना त्यानंतरच मिळाली. वॉलेस यांना तो प्रकल्प १९४१ पासून माहीत होता.

सर्वांत महाग पडली ती १८६४ ची अदलाबदल. गुलामगिरीचे विरोधक हॅनिबल हॅमलिन यांना वगळून लिंकन यांच्या पक्षाने टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन घेतले, कारण युद्धाला पाठिंबा देणाऱ्या डेमोक्रॅटांची मते हवी होती. लिंकन २१२ विरुद्ध २१ ने निवडून आले, म्हणजे ती मते नसती तरी बहुधा चालले असते. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर जनरल शर्मन यांच्या आदेशाने मुक्त गुलामांना कसायला दिलेली जमीन जॉन्सन यांनी त्याच वर्षी जुन्या मालकांना परत द्यायला लावली. पुढच्या वर्षी नागरी हक्कांच्या विधेयकावर त्यांनी नकाराधिकार वापरला; तो काँग्रेसला उलथवावा लागला. जमीन गेलेल्या त्या कुटुंबांना जॉन्सन यांच्या निवडीत काहीच म्हणता आले नव्हते, कारण १८६४ मध्ये त्यांना मताचा अधिकारच नव्हता.