खंडेनवमीचं तेल

अण्णांच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी मशीन दाखवलं जायचं. खिडकीपाशी सिंगरचं जुनं पायमशीन, खाली नक्षीदार लोखंडी पाय, वर लाकडी झाकण. झाकणाला कुलूप आणि किल्ली अण्णांच्या कपाटात.

मशीनची कुंडली अण्णांना तोंडपाठ होती. अंगावर कोरलेल्या नंबरवरून ते स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेलं. तो कारखाना 1980 साली बंद पडला. एरवी यंत्रांच्या नावाने नाक मुरडणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र त्यातून वगळलं होतं. हे सगळं सांगून होईतो पाहुण्याचा चहा गार व्हायचा. सुईत दोरा कुठल्या बाजूने ओवतात, हे मात्र अण्णांना ठाऊक नव्हतं. ते कुणी विचारलंही नाही.

मशीन आईचं, जुनंच विकत घेतलेलं. लालबागच्या चाळीतली एक खोली आणि वडील गिरणीत साचेखात्यात. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही; तो नुसता विरत गेला, धुऊन धुऊन कापड विरावं तसा. वडील दिवसभर जिन्यात बसू लागले आणि आई मशीनवर. बेतलेल्या परकरांचे गठ्ठे यायचे, शिवून डझनावारी परत जायचे. पोरं त्या खडखडाटात झोपायची. आवाज थांबला की दचकून जागी व्हायची, कारण थांबला म्हणजे एकतर दोरा तुटलाय नाहीतर आई रडतेय. आईचा पंजा जिथे टेकायचा, तिथली सोनेरी वेल पार झिजून गेली होती.

आई गेली तेव्हा वाटून घ्यायला दुसरं काही नव्हतंच. धाकटी बहीण ब्लाउज शिवायची. तिने मशीन मागितलं. अण्णा म्हणाले, "थोरल्या घरात राहू दे. आईची आठवण आहे, पूजा होईल." बहीण गप्प बसली. निघताना एवढंच म्हणाली, "तेल घालत जा हं, अण्णा."

अण्णांनी ते मनावर घेतलं. पेंटर बोलावून झिजलेली वेल पुन्हा सोनेरी करून घेतली. दर खंडेनवमीला कुलूप निघायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि प्रत्येक भोकात तेलाचे चार थेंब. मग पुन्हा कुलूप. एकदा वहिनी उशांचे अभ्रे घेऊन बसायला गेल्या, तर अण्णा म्हणाले, "शिंप्याकडे टाक. पैसे मी देतो."

अशी वीसएक वर्षं गेली. सुनेला दिवस गेले. सासूबाईंच्या ट्रंकेत जुनी मऊ नऊवारी सापडली, तेव्हा तिला वाटलं, बाळाला याचीच कुंची शिवावी. आणि अण्णांना एकदम भरून आलं. "शिंप्याकडे नको," ते म्हणाले, "आईच्या मशीनवर शिवू."

कुलूप निघालं. सुनेने चाक स्वतःकडे ओढलं. हललं नाही. अण्णांनी जोर लावला. मग मुलाने लावला. जणू सगळं एकाच लोखंडात ओतलेलं.

मिस्त्री म्हातारा होता. त्याने मशीन मागे कलंडवून खालून पाहिलं, बोटाने पिवळट चिकटा खरवडला आणि हुंगला.

"शेवटचं शिवलं कधी?"

"आई होती तेव्हा."

"आणि तेल?"

"दर खंडेनवमीला. एक वर्ष चुकलं नाही," अण्णा ताठ होत म्हणाले. "शुद्ध खोबरेल."

मिस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "खोबरेल डोक्याला," तो म्हणाला. "लोखंडात सुकतं, त्याचा डिंक होतो. फिरत्या मशीनमध्ये तरी चार दिवस खपलं असतं. एवढी वर्षं तुम्ही त्याला चिकटवत होतात."

त्याने सांध्यासांध्यांत रॉकेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चाक नखभर हललं, मग अर्धा फेरा, मग करकरत पूर्ण. सुईखालची पत्री काढली तर दात्यांमध्ये नमद्यासारखा घट्ट पुंजका बसलेला. चिमट्याने ओढला, तेव्हा त्यात थर दिसले, गुलाबी, मोरपंखी, हिरवा, पुन्हा गुलाबी. परकरांचा भुसा.

अण्णांनी हात पुढे केला. "हे राहू द्या आत. आईचं आहे."

"राहू दिलं तर दाते वर येणार नाहीत आणि कापड पुढे सरकणार नाही."

अण्णांनी तो पुंजका तळहातावर घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग केराच्या सुपलीत टाकला.

मशीनचं पातळ तेल घालून मिस्त्री गेला. सुनेने आधी फडक्यावर शिवून पाहिलं, कारण तेल ओघळून कापडाला डाग पडतात; शिवाय पायडल उलटं पडून दोरा दोनदा गुंतला. तिसऱ्यांदा आवाज लागला. अण्णा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत. रात्री त्यांनी बहिणीला फोन केला. "तू तेव्हा कुठलं तेल म्हणाली होतीस?"

"अरे, मशीनचं," ती म्हणाली. "दुसरं कुठलं असतं?"

कुंची झाली, चौघडी झाली, शेजारणींचे फॉल झाले. कुलूप कुठे गेलं कुणास ठाऊक. नवी सोनेरी वेल आईच्या जागीच पुन्हा पुसट व्हायला लागली. खंडेनवमी आली तेव्हा अण्णा अंघोळ करून, हळदकुंकू आणि झेंडू घेऊन मशीनपाशी आले. सून खाली मान घालून पाय मारत होती. पाळण्यातलं पोर त्या खडखडाटात गाढ झोपलेलं.

"अण्णा, थांबा हं," ती वर न बघता म्हणाली, "एवढी टीप होऊ दे."

अण्णा फूल हातात धरून उभे राहिले.