न दिसणे आणि नसणे

वस्तू अस्तित्वात असूनही ती प्रत्यक्ष का होत नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त सातव्या कारिकेत दिली आहेत. त्यांतले पाचवे सूक्ष्मता, सहावे आडोसा आणि शेवटचे ‘समानाभिहार’, म्हणजे सारख्यात सारखे मिसळून जाणे, ज्याला भाष्यकार गौडपाद मुगांच्या राशीत टाकलेल्या मुगाचे उदाहरण देतात.

पोटाच्या सीटी स्कॅनची अडचण या आठव्या जातीची आहे. त्वचा आणि स्नायू यांचा आडोसा क्ष-किरण भेदतात खरे. परंतु ते कोठे किती शोषले गेले हे मोजणाऱ्या हाउन्सफील्ड मापात पाणी 0 आणि हवा उणे 1000 इतकी दूर असली, तरी यकृत साधारण 50 ते 60 वर असते, प्लीहा व स्नायूही त्याच्याच आसपास असतात आणि यकृतातली गाठ पुष्कळदा तेथेच येऊन बसते. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देतात, ज्याला रुग्णालयात ‘कॉन्ट्रास्ट’ किंवा नुसते ‘डाय’ म्हणतात, जरी तो रंग नव्हे आणि दिसायला पाण्यासारखाच असतो. आयोडीनचा अणुक्रमांक 53, तर शरीरातल्या कर्बाचा 6 आणि ऑक्सिजनचा 8 असल्यामुळे, जेथे हा द्रव पोहोचतो तेथे किरण अधिक अडतात आणि तो भाग चित्रात उजळतो.

येथे प्रश्न उभा राहतो की, हा भेद दाखवला गेला की निर्माण केला गेला. भारतीय दर्शनांत घट घडवणारा कुंभार हा कारक हेतू आणि अंधारातला घट दाखवणारा दिवा हा ज्ञापक हेतू मानला जातो. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तर यकृतपेशींच्या कर्करोगाची गाठ मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. त्यामुळे द्रव दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने गाठ उजळते आणि पुढे यकृत उजळू लागले की तीच फिकी पडते. रक्तपुरवठ्यातला हा भेद आधीपासूनच होता, म्हणून डाय ज्ञापकच म्हटला पाहिजे. मात्र दिवा घटात शिरत नाही, डाय देहात शिरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरलेले ‘थोरोट्रास्ट’ हे किरणोत्सारी थोरियमचे द्रव्य यकृतात कायमचे साचून राहिले आणि अनेक वर्षांनी तेथेच कर्करोग उपजले, तेव्हा दिव्यानेच कुंभाराचे काम केले.

डायचे खरे तात्त्विक मोल मात्र गाठ दिसते तेव्हापेक्षा ती दिसत नाही तेव्हा अधिक आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ‘अनुपलब्धि’ हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण आहे (नैयायिक ते प्रत्यक्षातच जमा करतात), पण नुसते न दिसणे पुरत नाही. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी योग्यता तेथे असावी लागते. उजेडातल्या जमिनीवर घट नाही असे म्हणता येते, अंधारात नाही. डायविना केलेल्या स्कॅनमध्ये गाठ न दिसणे पुष्कळदा अंधारातल्या जमिनीसारखे असते. डाय ती योग्यता आणतो, तीही सर्वस्वी नव्हे, कारण दोन-तीन मिलिमीटरांची गाठ त्यालाही हुलकावणी देऊ शकते. आठवे कारण दूर झाले तरी पाचवे उरते, आणि त्यामुळेच जाणता तज्ज्ञ अहवालात ‘गाठ नाही’ असे न लिहिता ‘गाठ आढळली नाही’ असे लिहितो.